हुन्नर, वस्ताद आणि भांडवल : आफ्रिकेतली तरुण पोरं धंद्यात कशी उभी राहतात?

शिक्षण जेमतेम बारावीपर्यंत, घरची जमीन थोडी, नोकरीचा पत्ता नाही आणि बँकेत गेलं की पहिला प्रश्न, 'तारण काय देता?' आफ्रिका खंडातल्या कोट्यवधी तरुणांची आज हीच गत आहे. ५४ देशांच्या या खंडात दर १० माणसांमागे जवळपास ६ जण २५ वर्षांच्या आतले आहेत. आफ्रिकन विकास बँकेच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी १ कोटी ते १ कोटी २० लाख तरुण कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतात. त्यांच्यासाठी पक्क्या नोकऱ्या तयार होतात फक्त ३० लाखांच्या आसपास.

मग उरलेल्यांनी करायचं काय? बहुतेक जण स्वतःचंच काहीतरी सुरू करतात. कुणी शिलाई मशीन टाकतं, कुणी केस कापतं, कुणी मोबाईल दुरुस्त करतं, कुणी रस्त्याच्या कडेला टोमॅटो-कांदा विकतं, तर कुणी मोटारसायकलवर भाडं मारतं. यातले बरेचसे धंदे वर्षा-दोन वर्षांत बसतात. काही टिकतात आणि वाढतात.

हा फरक कशामुळे पडतो, हे शोधण्यासाठी गेल्या २० वर्षांत तिथली सरकारं, जागतिक बँक आणि काही उद्योगपतींनी बरेच प्रयोग केले. त्यातले काही फार काटेकोरपणे मोजले गेले. म्हणजे अर्जदारांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्यांचं नाव निघेल त्यांना मदत द्यायची आणि काही वर्षांनी दोन्ही गटांची कमाई तपासायची. मदतीने खरंच फरक पडला की नुसते फोटो निघाले, हे यातून कळतं.

या सगळ्या प्रयोगांचा निचोड एका ओळीत सांगायचा तर असा : हातात हुन्नर, पाठीशी जाणता माणूस आणि गाठीला भांडवल, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर तरुण उभा राहतो. तीन दगडांच्या चुलीतला एक दगड काढला की भांडं कलंडतं, तसंच हे आहे.

इग्बो समाजाची जुनी रीत

या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळण्याची सोय नायजेरियातल्या इग्बो समाजाने कुठल्याही सरकारी योजनेशिवाय करून ठेवली आहे. या रीतीला 'इग्बा बोई' म्हणतात.

रीत साधी आहे. शाळा सोडलेलं किंवा संपवलेलं पोरगं एखाद्या व्यापाऱ्याच्या हाताखाली ठेवायचं. व्यापाऱ्याला तिथे 'ओगा' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत मालक किंवा वस्ताद. दोन्ही घरची माणसं बसून बोलणं ठरवतात. पोरगं साधारण ५ ते ८ वर्षं मालकाकडे राहतं. राहणं-खाणं मालकाचं, पगार नाही. आधी दुकान झाडायचं, माल उचलायचा. मग गिऱ्हाइकाशी बोलायचं, भाव कसा करायचा, खरा माल आणि नकली माल कसा ओळखायचा, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे शिकायचं. शेवटी शेवटी तर मालक त्याच्या भरवशावर दुकान सोडून माल आणायला बाहेरगावी जातो.

ठरलेली वर्षं भरली की मालकाने पोराला 'सेटल' करायचं असतं. म्हणजे धंदा सुरू करायला रोख भांडवल द्यायचं, कधी दुकानाचं भाडं भरून द्यायचं, कधी उधारीवर माल द्यायचा. आणि तो उभा राहिला की त्यानेही गावाकडची पोरं हाताखाली घ्यायची.

या रीतीने जोर धरला तो एका मोठ्या आपत्तीनंतर. १९६७ ते १९७० या काळात इग्बोंच्या भागात बियाफ्राचं युद्ध झालं. त्यात लाखो माणसं उपासमारीने गेली. युद्ध संपल्यावर सरकारने असा नियम केला, की खात्यात आधी कितीही पैसे असोत, खातेदाराला २० पौंडच मिळतील. म्हणजे चांगली खाती-पिती घरं एका फटक्यात शून्यावर आली. बँक मदतीला नव्हती. तेव्हा ज्याचं थोडंफार सावरलं त्याने दुसऱ्याच्या पोराला हाताखाली घेतलं.

आज ओनित्शा, आबा, न्नेवी या गावांतल्या मोठ्या बाजारपेठा आणि लागोस शहरातला इलेक्ट्रॉनिक मालाचा अलाबा बाजार अशाच घडलेल्या व्यापाऱ्यांनी भरलेला आहे. न्नेवीत वाहनं बनवणारी 'इनोसन' कंपनी उभी करणारे इनोसंट चुकवुमा यांनीही सुरुवात स्पेअर पार्टच्या दुकानात हाताखाली शिकूनच केली होती.

पण या रीतीचे तोटेही आहेत. बोलणं बहुतेक तोंडी असतं. काही मालक शेवटच्या वर्षी पोरावर चोरीचा आळ घेतात आणि रिकाम्या हाताने घरी पाठवतात. ऐन उमेदीची सात वर्षं गेली आणि हाती काही नाही, अशी तक्रार घेऊन येणारी पोरं तिथे नवीन नाहीत. म्हणूनच आता साक्षीदारांसमोर कागद करा, मुदत आणि रक्कम लिहून घ्या, असं जाणती मंडळी सांगतात. दुसरा तोटा असा, की ही रीत मुख्यतः मुलग्यांसाठीच राहिली आहे.

वर्गातलं शिक्षण आणि वस्तीतली मावशी

वस्तादाचा उपयोग खरंच किती होतो? याचं उत्तर केनियाची राजधानी नैरोबीमधल्या दांडोरा या वस्तीत मिळालं. शहराचा सगळा कचरा जिथे पडतो, तो डेपो याच भागात आहे. इथल्या छोटे धंदे करणाऱ्या तरुण बायकांवर तीन संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचा निकाल २०१८ मध्ये छापून आला.

बायकांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. पहिल्या गटाला वर्गात बसवून धंद्याचं रीतसर शिक्षण दिलं. त्यात हिशेब, जाहिरात, नियोजन वगैरे सगळं होतं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीची गाठ त्याच वस्तीत बरीच वर्षं धंदा केलेल्या एका वयाने मोठ्या बाईशी घालून दिली. दोघींनी महिनाभर, आठवड्यातून एकदा भेटायचं आणि बोलायचं, एवढंच. तिसऱ्या गटाला यातलं काहीच दिलं नाही.

निकाल असा आला, की वर्गात शिकलेल्या बायका हिशेब जास्त नीट ठेवू लागल्या, पण नफा वाढला नाही. मोठ्या बाईची साथ मिळालेल्यांचा नफा मात्र सरासरी २० टक्क्यांनी वाढला.

त्या मोठ्या बाईने असं काय सांगितलं? फार मोठं ज्ञान नव्हे. माल कुणाकडे स्वस्त मिळतो, कुठला व्यापारी मापात मारतो, कोणाकडून घेतलं तर चार पैसे सुटतील, असल्या गोष्टी. हे पुस्तकात नसतं. ते त्याच बाजारात उन्हातान्हात उभं राहिलेल्या माणसालाच माहीत असतं.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. भेटीगाठी थांबल्या तसा तो फायदाही ओसरला. वर्षभराने दोन्ही गट पुन्हा जवळपास सारखेच झाले. बाजारभाव बदलतो, माल देणारे बदलतात, आणि महिन्याभरापूर्वीचा सल्ला शिळा होतो. त्यामुळे मार्गदर्शन हे एकदा टोचून सोडायचं इंजेक्शन नाही, सोबत चालू राहावी लागते.

शिकवायचं तर काय शिकवायचं?

म्हणजे प्रशिक्षण फुकटच जातं का? तसंही नाही. काय शिकवता यावर सगळं अवलंबून आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशात, लोमे शहरात १५०० लहान धंदेवाल्यांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये तो 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात आला.

यात ५०० जणांना नेहमीचं धंदा-प्रशिक्षण दिलं आणि ५०० जणांना वेगळंच. ते दुसरं प्रशिक्षण जर्मन मानसशास्त्रज्ञ मायकेल फ्रेसे यांच्या कामातून तयार झालेलं होतं. त्याचा भर होता स्वतःहून पुढाकार घेण्यावर. शेजारच्या दुकानासारखंच दुकान न टाकता वेगळं काय देता येईल ते शोधणं, अडचण येण्याआधी तिचा विचार करणं, एकदा आपटलं तर दुसरी वाट काढणं, गिऱ्हाइकाला न विचारता गप्प न बसणं.

दोन वर्षांनी हिशेब काढला. पुढाकाराचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला होता. नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये थोडी वाढ दिसली, पण ती इतकी किरकोळ की प्रशिक्षणामुळेच झाली असं छातीठोकपणे म्हणता येईना. बायकांना तर पुढाकाराच्या प्रशिक्षणाचा फायदा चांगलाच झाला.

शेतीतलं उदाहरण पाहायचं तर टोगोच्या शेजारच्या बेनिन देशात जावं लागेल. पोर्टो-नोवो शहरात १९८५ मध्ये गॉडफ्रे न्झामुजो या धर्मगुरूंनी 'सोंगहाई' नावाचं केंद्र सुरू केलं. सुरुवात एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमिनीवर. आज ते शेती शिकू पाहणाऱ्या तरुणांसाठी आफ्रिकेतलं नावाजलेलं ठिकाण आहे.

तिथे वाया काही जात नाही. कोंबड्यांच्या विष्ठेवर माशीच्या अळ्या वाढवतात आणि त्या तळ्यातल्या माशांना खाऊ घालतात. विष्ठा आणि पाणवनस्पती गॅसच्या टाकीत जातात. त्यातून गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेताला जाते. पिकाचा भुसा-कोंडा पुन्हा जनावरांपुढे येतो. पिकवलेला माल तिथेच प्रक्रिया करून विकला जातो. विद्यार्थी हे सगळं फळ्यावर न बघता स्वतः राबून शिकतात. शेती म्हणजे नोकरी न मिळालेल्याने करायचं काम, ही समजूत मोडायची हाच न्झामुजोंचा हेतू होता.

भांडवल मिळालं तर पोरं उडवून टाकतात का?

तरुणांच्या हातात रोख पैसा दिला की ते दारूत आणि मोबाईलमध्ये घालवतील, ही भीती सगळ्या देशांत बोलली जाते. युगांडाच्या उत्तर भागात हा प्रश्न प्रत्यक्षच तपासला गेला.

हा भाग वर्षानुवर्षे बंडखोरांच्या लढाईत होरपळलेला. तिथल्या सरकारने २००८ च्या सुमारास अशी योजना राबवली, की साधारण १५ ते २५ तरुणांनी मिळून गट करायचा, शिलाई, सुतारकाम, लोखंडकाम, केशकर्तन अशा एखाद्या हुन्नराचा प्रस्ताव लिहायचा आणि सरकारने गटाला एकरकमी अनुदान द्यायचं. सरासरी एका गटाला ७५०० डॉलर मिळाले. माणशी ३८२ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण १६ ते १७ हजार रुपये. पैसा दिल्यानंतर वर कुणी देखरेखीला नव्हतं.

अर्ज करणाऱ्या गटांपैकी ५३५ गटांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली आणि जवळपास निम्म्यांना पैसे मिळाले. चार वर्षांनी मोजणी केली तेव्हा पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त निघाली. बहुतेकांनी पैसा हुन्नर शिकण्यावर, अवजारांवर आणि कच्च्या मालावर घातला होता. उडवाउडवीची भीती खोटी ठरली.

पण संशोधक तिथेच थांबले नाहीत. नऊ वर्षांनी ते पुन्हा गेले. तेव्हा दिसलं, की ज्यांना पैसे मिळाले नव्हते तेही हळूहळू मजुरी आणि छोटे धंदे करून कमाईत बरोबरीला आले आहेत. अनुदान मिळालेल्यांकडे अवजारं आणि मालमत्ता जास्त होती, हातात हुन्नर पक्का होता, पण रोजच्या कमाईतलं अंतर मिटलं होतं. एकदाच दिलेला पैसा सुरुवातीचा धक्का देतो. गाडी पुढे सतत वेगात राहील याची हमी तो देत नाही.

लाखो अर्ज, हजारांना लाभ

नायजेरियात २०११ मध्ये सरकारने 'यूविन' नावाची धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली. जवळपास २४ हजार तरुणांनी अर्ज केले, १२०० विजेते निवडले गेले. विजेत्यांना सरासरी ५० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण २५ लाख रुपये मिळाले. ही रक्कम चार हप्त्यांत, ठरलेलं काम झाल्यावर पुढचा हप्ता अशा पद्धतीने दिली गेली. तीन वर्षांनी पाहिलं तर विजेत्यांचे धंदे जास्त संख्येने टिकलेले होते आणि १० किंवा जास्त कामगार ठेवणारेही त्यांच्यात बरेच जास्त होते.

नायजेरियातले बँकर आणि उद्योगपती टोनी एलुमेलू यांनी २०१० मध्ये स्वतःच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. २०१५ पासून ते सगळ्या आफ्रिकेतून होतकरू तरुण निवडतं. निवडलेल्यांना आधी ऑनलाइन प्रशिक्षण, सोबत एक मार्गदर्शक आणि मग ५ हजार डॉलर दिले जातात. आजच्या भावाने ही रक्कम ४ लाख रुपयांच्या वर जाते आणि ती परत करायची नसते. आतापर्यंत २० हजारांहून जास्त तरुणांना लाभ दिल्याचं प्रतिष्ठान सांगतं.

हुन्नर, वस्ताद आणि भांडवल हे तिन्ही दगड इथे एकत्र मांडले आहेत. अडचण एकच, गर्दी. २०१९ साली एका वर्षात दोन लाखांवर अर्ज आले होते. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचं काय?

तीन कुलपांची पेटी

ज्यांना ना बँक दारात उभी करते ना स्पर्धेत नंबर लागतो, त्यांच्यासाठी एक घरगुती उपाय आफ्रिकेत गावोगाव पसरला आहे. आपल्याकडच्या भिशी आणि बचत गटाशी त्याचं जवळचं नातं वाटेल. त्याची सुरुवात १९९१ मध्ये नायजर या वाळवंटी देशात 'केअर' या संस्थेच्या मदतीने झाली.

साधारण १५ ते ३० जणांचा गट असतो. प्रत्येक बैठकीत ज्याला जमेल तितके 'हिस्से' घ्यायचे आणि पासबुकावर शिक्का मारून घ्यायचा. पैसा एका लोखंडी पेटीत राहतो. पेटीला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे. म्हणजे एकट्या-दुकट्याला पेटी उघडता येत नाही आणि सगळा व्यवहार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो.

याच पैशातून सभासदांना कर्ज मिळतं. व्याज किती ते गटच ठरवतो आणि ते गटाकडेच राहतं. वर्षभराने पेटी रिकामी करून प्रत्येकाला हिश्शाप्रमाणे पैसे वाटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही वाटणी बहुधा पेरणीच्या किंवा शाळेच्या फीच्या दिवसांत येईल अशी ठेवतात.

तरुणांच्या दृष्टीने याचा मोठा उपयोग म्हणजे पत तयार होते. वर्षभर वेळेवर हप्ता भरणारा पोरगा कोण, हे गटाला ठाऊक असतं. त्याला सातबारा किंवा दागिना दाखवावा लागत नाही. मर्यादा एवढीच, की गट गरीब तर पेटीही लहान. शिलाई मशीन येईल, पिठाची गिरणी येणार नाही.

मोबाईलवरचं कर्ज : सोय आणि फास

केनियात २००७ मध्ये 'एम-पेसा' आलं. साध्या मोबाईलवरून पैसे पाठवण्याची ही सोय आज तिथे शेतमजुरापासून दुकानदारापर्यंत सगळे वापरतात. २०१२ मध्ये त्यालाच जोडून 'एम-श्वारी' नावाने कर्ज मिळू लागलं. ना अर्ज, ना जामीनदार. मोबाईलच्या व्यवहारांवरून पत ठरते आणि मिनिटात पैसे खात्यात.

पण इथे हिशेब नीट करायला हवा. एम-श्वारीचं शुल्क ३० दिवसांसाठी साडेसात टक्के. १००० शिलिंग घेतले तर महिन्याने १०७५ द्यायचे. वरकरणी ७५ शिलिंग काहीच वाटत नाहीत. पण दर महिन्याला हेच चक्र चालवलं तर वर्षात १००० शिलिंगच्या कर्जावर ९०० शिलिंग नुसत्या शुल्कातच जातात. पुढे तर अशा कर्जाची असंख्य ॲप आली. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून, दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याकडून असं करत अनेक तरुण अडकले. किरकोळ रकमेसाठी पतसूचीत नाव काळ्या यादीत गेलं. मोबाईलवरच्या सट्ट्यातही पुष्कळ पैसा गेला. शेवटी २०२१ मध्ये केनियाने कायदा बदलून या कंपन्यांना मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली आणलं.

त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२२ ला राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी 'हसलर फंड' सुरू केला. कष्ट करून पोट भरणाऱ्यांना स्वस्तात कर्ज मिळावं हा उद्देश. वर्षाला ८ टक्के व्याज, ५०० ते ५० हजार शिलिंगपर्यंत कर्ज, आणि घेतलेल्या रकमेतला ५ टक्के भाग सक्तीच्या बचतीत. व्याज स्वस्त, पण सुरुवातीची मुदत फक्त १४ दिवसांची. १४ दिवसांत भाजीचा फेरा होईल, सुताराचं कपाट विकून पैसे कसे यायचे? मोठ्या संख्येने लोकांनी परतफेड केली नाही आणि थकबाकी हा तिथे राजकीय वादाचा विषय झाला. पैसा होता, पण सोबत ना शिकवणारा होता ना विचारणारा.

गाडीच तारण

तारण नसेल तर जी वस्तू घ्यायची तीच तारण, हा आणखी एक मार्ग. युगांडा-केनियात मोटारसायकल टॅक्सीला 'बोडा बोडा' म्हणतात. सीमेवरून, म्हणजे 'बॉर्डर'वरून माणसं पलीकडे नेणाऱ्यांच्या हाकेवरून हे नाव पडलं. या गाड्यांमध्ये पुण्याच्या बजाज कंपनीची बॉक्सर सगळ्यात जास्त दिसते, एवढाच आपला या गोष्टीशी थेट संबंध.

बरेच तरुण दुसऱ्याची गाडी रोजच्या भाड्याने चालवतात. भाडं मालकाला जातं आणि पाच वर्षं चालवूनही गाडी स्वतःची होत नाही. म्हणून काही कंपन्यांनी अशी सोय काढली, की आठवड्याचा हप्ता भरत राहा, हप्ते संपले की गाडी तुमच्या नावावर. या कामात हुन्नर सोपं आणि कमाई पहिल्या दिवसापासून, म्हणून ओढाही मोठा.

धोकेही तितकेच. अपघात झाला तर कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. सरकारचं धोरणही आडवं येऊ शकतं. नायजेरियातल्या लागोस शहराने २०२२ मध्ये अनेक भागांत मोटारसायकल टॅक्सीवर बंदी घातली तेव्हा हजारोंचा रोजगार एकदम अडचणीत आला. सगळी भिस्त एकाच वस्तूवर आणि दुसरं हुन्नर हातात नाही, अशा वेळी माणूस उघड्यावर पडतो.

यातून काय घ्यायचं?

आफ्रिकेच्या या अनुभवातून सर्वांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी स्पष्ट होतात. कुठलीही योजना, प्रशिक्षण किंवा कर्ज समोर आलं तर पुढचे प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला, शिकवणारा माणूस तो धंदा स्वतः करतो का? दांडोरातल्या बायकांना २० टक्के फायदा झाला तो अनुभवी शेजारणीमुळे.

दुसरा, साथ किती दिवस? आठ दिवसांचं शिबिर आणि प्रमाणपत्र मिळालं, पुढे फोन उचलायलाही कुणी नाही, तर फायदा लवकर विरतो.

तिसरा, पैसा कर्जाऊ आहे की अनुदान, आणि मुदत धंद्याच्या फेऱ्याला धरून आहे का? कोंबडी विकायला ४५ दिवस लागत असतील तर १४ दिवसांचं कर्ज कामाचं नाही.

चौथा, महिन्याचं शुल्क वर्षाच्या व्याजात मोजलं का? साडेसात टक्के महिन्याला म्हणजे ९० टक्के वर्षाला.

पाचवा, बोलणं कागदावर आहे का? इग्बोंच्या पोरांनी याची किंमत आयुष्याची वर्षं देऊन मोजली आहे.

आणि सहावा, यात मुलींना जागा आहे का? टोगो आणि केनिया दोन्हीकडे बायकांनी मिळालेल्या संधीचं सोनं केलं. त्यांना बाहेर ठेवलं तर निम्मी ताकद घरातच राहते.

आफ्रिकेतले तरुण आळशी आहेत किंवा त्यांना फुकटची सवय लागली आहे, असं या प्रयोगांतून कुठेच दिसलं नाही. उलट उत्तर युगांडात लढाईतून बाहेर पडलेल्या पोरांनी हातात आलेल्या १६-१७ हजारांतून शिलाई मशीन आणि रंधे घेतले. न्नेवीच्या पोरांनी दुकान झाडता झाडता व्यापार शिकून घेतला. त्यांना गरज आहे ती चुलीचे तिन्ही दगड एकाच वेळी मिळण्याची, आणि भांडं चढल्यावर थोडे दिवस जाळाकडे लक्ष ठेवणाऱ्या कुणाची तरी.